या माळावर कोणी राहत नाही

त्या बेटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या म्हाताऱ्याचंही नाही, आणि माळ राखणाऱ्या संस्थेचंही नाही. हे माझ्या स्वभावाविरुद्ध आहे. माझे वडील सोलापुरात विडी कामगार बायकांच्या युनियनचं काम करतात. आमच्या पुढच्या खोलीत छपाईचं ट्रेडल मशीन होतं आणि शाळेत जायच्या आधीपासून मी ओल्या शाईच्या पत्रकांच्या घड्या घालत होते. पत्रकात कारखान्याचं नाव हवं, गल्ली हवी, अन्याय कधीपासून चालू आहे ते हवं. यातलं काही नसेल तर बाबा मजकूर परत टाकायचे. "ही नुसती बोंब झाली. पत्रक लिही." त्या शिस्तीत मी मोठी झाले आणि त्याच शिस्तीनं मी एका माणसाचं घर घालवलं.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात लाँग वीकेंड आला. मी तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये केमिस्ट्रीत एम.एस. करत होते. जवळ श्रूजबरीला एक काका-काकू राहायचे. नात्यातले नव्हेत. नव्यानं आलेल्या मराठी पोरींना एअरपोर्टवरून आणणं, जुने कोट देणं, सणाला जेवायला बोलावणं हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. काका कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, काकू नगरच्या. त्यांनी मला आणि माझ्या रूममेटला स्टेशन वॅगनमध्ये घातलं आणि बेटावर न्यायचं ठरवलं. तिथे म्हणे एक मोठा माळ राखून ठेवलेला होता, आणि ऑक्टोबरात तो लाल होतो.

रूममेट नागपूरची. माझ्या डोक्यातल्या सगळ्या आगीवर पाणी टाकायचं काम ती आनंदानं करायची.

"चला कॉम्रेड," ती गाडीत म्हणाली, "आज भांडवलशाहीची सीनरी बघू."

"चिडवू नको गं तिला," काकू पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

"ती राग खाऊन राहते काकू. फुल प्रोटीन."

बोटीला दोन तासांच्या वर लागले. काकांना मळमळत होतं, पण "आय ॲम परफेक्टली फाइन" असं ते दर दहा मिनिटांनी सांगत होते. बेटावर उतरल्यावर राखाडी लाकडी घरांचं गाव लागलं, मग रस्ता वाळूचा झाला, आणि एका वळणानंतर झाडं संपली.

वर्षभरात मी पाहिलेली अमेरिका म्हणजे झाडं आणि पार्किंग लॉट. इथे दोन्ही नव्हतं. गुडघ्याइतकी झुडपं पार आभाळाला टेकेपर्यंत पसरलेली, तांबडी, विटकरी, मध्येच वाळलेल्या रक्तासारखी काळपट. मधून वाळूच्या पायवाटा. एक भोवत्या पक्षी झुडपांवरून अगदी खालून, पंख उचलून तरंगत चालला होता. सोलापूरच्या बाहेर माळावर हिवाळ्यात याच जातकुळीतले भोवत्ये मी पाहिले होते. मला रडू येतंय हे कळल्यावर मी चिडले.

"अगंबाई," काकू गाडीतून उतरत म्हणाल्या, "हा तर आपला माळ आहे. फक्त कुणीतरी रंगवलाय."

वाटेच्या तोंडाशी एक लाकडी पेटी होती, तिच्यात फुकट माहितीपत्रकं. मी एक उचललं. सवयच ती, छापील कागद दिसला की हात जातो. गुळगुळीत कागद, भोवत्याचं चित्र आणि खाली मजकूर. माणसाचा हात न लागलेली भूमी, असं त्यात म्हटलं होतं. आणि एक स्वतंत्र ओळ होती: या माळावर कोणी राहत नाही.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली.

"बरं मग?" रूममेट म्हणाली.

"माळ आपोआप माळ राहत नाही. मेंढरं चरली पाहिजेत, जाळ लागला पाहिजे, नाहीतर कुणीतरी कापत राहिलं पाहिजे. नाहीतर दहा-वीस वर्षांत रान माजतं. कुणीतरी हात लावतंय म्हणूनच हे असं दिसतंय."

"झालं सुरू," ती म्हणाली आणि काकांबरोबर लाइटहाउसकडे निघून गेली.

मी आणि काकू वाटेनं आत गेलो. काकू खाली बघत चालत होत्या आणि मध्येच मटकन बसल्या. झुडपांच्या बुडाशी फिकट राखाडी, कुरळ्या जाळीसारखं काहीतरी पसरलेलं होतं. त्यांनी वास घेतला. "दगडफूल!" त्या ओरडल्या. "अगं, गोड्या मसाल्यातलं दगडफूल! मी दर वेळी आईकडून मागवते आणि इथे जमिनीवर पडलंय!" आणि त्या ओच्यात भरायला लागल्या. अंगात पँट होती, ओचा नव्हता, म्हणून स्वेटरचा केला.

"तेवढं राहू द्या, मॅडम," मागून आवाज आला.

तो उभा होता. उंच, वाकलेला, काळासावळा, सत्तरीच्या पुढचा. डोक्यावर लोकरीची टोपी आणि हातात लांब दांड्याचा कोयता. "बोटभर वाढायला त्याला जन्म लागतो. मी इथे आलो तेव्हा ते नखाएवढं होतं."

"सॉरी, सॉरी," काकू उठत म्हणाल्या. "वी कुक धिस."

"शिजवता?" तो म्हणाला. मग तो हसायला लागला आणि हसता हसता कोयत्याच्या दांड्यावर टेकला. "एवढी वर्षं मी हे राखतोय आणि ते खायचं असतं!"

त्यानं आम्हाला चहाला बोलावलं.

आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली काही बेटं होती, तो तिथला. आईबापांबरोबर लहानपणी क्रॅनबेरीची आंबट लाल फळं वेचायला आला. माळाच्या कडेला क्रॅनबेरीची पाणथळ शेतं होती, तिथे तो पंप चालवायचा. शेतं बंद पडली, जमीन राखीव माळात गेली, पंप भंगारात गेला आणि पंपाची खोली उरली. तीत तो राहिला. एक बाकडं, एक शेगडी, एक धुराडं, आणि खिडकीतून सगळा माळ. संस्था त्याला उन्हाळ्यापुरते पैसे द्यायची, माळ कापायचे. भोवत्ये कुठे घरटी करतात ते तो बघून ठेवायचा आणि तो तुकडा सोडून कापायचा.

काकूंनी डब्यातली थालीपीठं काढली. लिंबाचं लोणचं त्यानं बोटानं चाटून बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी मात्र कामाला लागले.

"हिवाळ्यात पैसे देत नाहीत?"

"हिवाळ्यात माळ वाढत नाही."

"आजारी पडलात तर?"

"पडत नाही."

"इथे वीज नाही, पाणी नाही. आणि यात छापलंय की इथे कोणी राहत नाही!" मी माहितीपत्रक त्याच्यापुढे धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"बरोबर छापलंय," तो म्हणाला. "मी इथे राहत नाही. कागदावर मी भाचीकडे राहतो." आणि मग, मी तशीच तोंड आवळून बसलेली बघून, त्यानं शिट्टीची गोष्ट सांगितली. "संस्थेचा माणूस पाहणीला येतो ना, तो त्या टेकाडापासून शिट्टी वाजवत येतो. मोठ्यानं. चर्चमधली कसलीतरी चाल, आणि तीही बेसूर. शिट्टी ऐकली की मी शेगडी विझवतो, दार लावतो आणि तळ्याकडे चालायला लागतो. तो येतो, खोली बंद आहे असं वहीत लिहितो, जातो. चांगला माणूस आहे."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीचा खोकायचा."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही.

निघताना तो काकूंना म्हणाला, "तुम्ही मला पाहिलेलं नाही हां."

"छे," काकू म्हणाल्या, "आम्ही तर लाइटहाउसला गेलो होतो."

त्यांना ते एका क्षणात कळलं होतं. मला कळलं नाही. मला वाटलं, ही भीती आहे आणि ही भीती मला चांगली ओळखीची आहे. बाबांच्या बैठकीला पहिल्यांदा आलेली प्रत्येक बाई हेच म्हणायची: माझं नाव नको, मी काही बोललेच नाही. बाबा वाट बघायचे. महिन्या-दोन महिन्यांनी तीच बाई मोर्चात पुढे असायची. एकदा एका गावाचा चराऊ माळ कुंपणात गेला आणि मेंढरंवाल्यांना बाहेर काढलं, तेव्हाही सुरुवातीला सगळे मान खाली घालून होते. बाबांनी पत्रक काढलं. पंधरा दिवसांत अख्खं गाव मेंढरांसकट कचेरीसमोर बसलं आणि कुंपणाला फाटक झालं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. शब्द असे काम करतात हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

परतीच्या बोटीवर वाद झाला.

"लीगली बघितलं तर तो ट्रेसपासर आहे," काका म्हणाले.

"लीगली बघितलं तर आपले सगळे स्वातंत्र्यसैनिक गुन्हेगार होते."

"हे बघ, तू स्टुडंट व्हिसावर आहेस. इथे येऊन पत्रकं वाटायची नसतात."

"काका, ती वाटणारच," रूममेट म्हणाली. "तिचा ब्लड ग्रुपच पत्रक पॉझिटिव्ह आहे."

काकू समुद्राकडे बघत होत्या. "सुखात आहे हो तो," त्या म्हणाल्या. "कुणाची दृष्ट न लागो."

"सुखात? काकू, गोठून मरेल तो एखाद्या हिवाळ्यात."

"मग ब्लँकेट पाठव. काकांचा एक कोट आहे, तो दे."

दान म्हणजे अन्यायाला ठिगळ, असं काहीतरी मी बोलले. कोट काकूंनी पुढच्या आठवड्यात खरोखरच पार्सलनं पाठवला, पंपाची खोली, केअर ऑफ पोस्ट ऑफिस असा पत्ता घालून. तो पोचला की नाही माहीत नाही.

पत्रक लिहायला मला आठ दिवस लागले. लॅबमधून आल्यावर डिपार्टमेंटच्या टाइपरायटरवर बसायचे. इंग्रजीत मी पहिल्यांदाच लिहीत होते. मथळा होता: या माळावर एक माणूस राहतो. त्यात सगळं होतं. वाळूच्या रस्त्याचं तिसरं वळण, तळ्याच्या डावीकडे पंपाची खोली. वीज नाही, पाणी नाही. हिवाळ्याचा पगार नाही. त्याला गरम खोली आणि वर्षभराचा पगार मिळालाच पाहिजे, अशी मागणी. आणि शिट्टी. शिट्टीचा परिच्छेद मी पाच वेळा लिहिला. अधिकाऱ्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते मुद्दाम तोंड फिरवतात, याचा त्याहून धडधडीत पुरावा कुठला असणार? रूममेटनं वाचला आणि पहिल्यांदा चेष्टा केली नाही. "यार," ती म्हणाली, "हे मस्त लिहिलंयस."

काकांनाही मी दाखवलं. त्यांच्या संमतीसाठी नाही, त्यांना खिजवायला.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "खोली कुठे आहे ते कशाला लिहिलंस? आणि शिट्टीचं कशाला?"

"पुरावा आहे तो."

"कुणाविरुद्ध?"

"काका, तुम्हाला तुमच्या ग्रीन कार्डाची भीती वाटते."

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिला आणि टीव्ही लावला. त्यांना भीती वाटत होती, हे खरं होतं. त्यांचा प्रश्नही बरोबर होता. भेकड माणूस बरोबर असू शकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र शिकवलेली होती आणि ती मी केली नाही. बाबा पत्रक छापायच्या आधी कच्चा मजकूर घेऊन त्या त्या बायकांच्या अंगणात जायचे आणि वाचून दाखवायचे. बायका सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत ऐकायच्या, मान वर करायच्या नाहीत. मध्येच एखादी म्हणायची, "ते पोरीच्या सासरचं काढा, दादा." वाक्य कितीही चांगलं असलं तरी बाबा तिथल्या तिथे काट मारायचे. मी त्यांच्या मागे पेन्सिल धरून उभी असायचे. हे मी शेकडो वेळा पाहिलेलं होतं.

नोव्हेंबरात मी आणि रूममेट बसनं आणि बोटीनं बेटावर गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत दोनशे छापील प्रती होत्या. पाऊस होता. माळ धक्क्यापासून दीड तास चालत, आणि परतीची बोट तीनला. आम्ही पत्रकं धक्क्यावर वाटली, पोस्टात ठेवली, किराणा दुकानाच्या फळ्यावर लावली, उभ्या गाड्यांच्या वायपरखाली खोचली. लोकांनी हसून घेतली. एका बाईनं विचारलं, "कसला सेल आहे?" माळाकडे मी गेले नाही. मनात ठरवलं, वसंतात जाऊ. तोवर त्याला खोली मिळालेली असेल, पगार सुरू झालेला असेल, तेव्हा त्याच्या शेगडीशी बसून सगळं वाचून दाखवू. खरं सांगायचं तर मला विजयानंतर जायचं होतं.

डिसेंबरात संस्थेचं पत्र आलं. पत्रकाखाली मी माझा पत्ता छापला होता, कारण पत्ता न देणं हा भ्याडपणा. सायीच्या रंगाचा जाड कागद, वर भोवत्याचं चित्र. आमच्या जागेवरील अनधिकृत आणि धोकादायक वास्तव्य आपण लक्षात आणून दिलंत, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. संबंधित व्यक्तीला सुरक्षित ठिकाणी हलवलं आहे आणि बांधकाम पाडून जागा मूळ स्थितीत आणण्याचं काम हाती घेतलं आहे. आपल्यासारख्या जागरूक निसर्गप्रेमींमुळेच, वगैरे.

मी ते पत्र उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मालकानं धमकी दिली तर काय करायचं ते मला माहीत होतं. पत्रकं जाळली, पोलीस घरी आले, गुंड पाठवले, या सगळ्याला आमच्या घरात उत्तर होतं. आभारपत्राला नव्हतं. मी फोन केला. ऑफिसातल्या बाईनं फार गोड आवाजात सांगितलं की तो विषय आता मिटलेला आहे.

बाबांना मी पत्रकाचं मराठी भाषांतर आधीच पाठवलं होतं. जानेवारीत त्यांचं एअरोग्राम आलं. त्यांनी ते युनियनच्या ऑफिसातल्या फळ्यावर लावलं होतं आणि बायकांना वाचून दाखवलं होतं. शिट्टीच्या ठिकाणी सगळ्या हसल्या म्हणे. बाबांनी आयुष्यात माझं कधी कौतुक केलं नव्हतं. त्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘मजकूर पक्का झाला आहे.’ आणि खाली, ‘बायका विचारतात, त्या म्हाताऱ्याला खोली मिळाली का. कळव.’ मी कळवलेलं नाही. मी त्यांना थंडीबद्दल लिहिते, लॅबबद्दल लिहिते. ते अजून दर दोन-तीन पत्रांआड विचारतात.

मार्चमध्ये मी एकटी बेटावर गेले आणि चालत माळावर गेले. तांबडा रंग कुठेच नव्हता. सगळा माळ भिजलेल्या गोणपाटाच्या रंगाचा झाला होता आणि झुडपं नुसत्या काड्या. तिसऱ्या वळणाला वळून तळ्याच्या डावीकडे गेले. पंपाच्या खोलीच्या जागी उकरलेल्या वाळूचा चौकोन होता, त्यावर गवताची चटई अंथरलेली आणि खुंट्या मारलेल्या. बाजूला छोटा फलक: पुनरुज्जीवन चालू आहे, कृपया पाऊल ठेवू नका.

तिथे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. टेकाडावरून एक माणूस उतरताना दिसला. पन्नाशीचा, संस्थेचं जाकीट घातलेला. तो काहीही न वाजवता आला.

"तुम्ही पत्रकवाल्या," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. तिथे माझ्यासारखी दुसरी कोण येणार होती?

"मला त्याला मदत करायची होती."

"हो. वाचलं मी. बोर्डाच्या बैठकीत प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक प्रत होती. मला विचारलं, हे खरं आहे का? मी काय सांगणार? एक शब्द खोटा नव्हता त्यात."

"तुम्ही खोटं बोलू शकला असता." हे मी म्हणाले. माझ्या बापाची मुलगी हे म्हणाली.

"त्या दिवसापर्यंत तेच तर करत होतो," तो म्हणाला.

बोर्डातले बरेच जण वाईट नव्हते, असं त्यानं सांगितलं. एक-दोघांना अनेक वर्षांपासून संशय होताच. पण छापून आल्यावर विमा आला, वकील आला, आरोग्य खातं आलं. आणि आता काणाडोळा करायचा कसा? गावातल्या किराणा दुकानाच्या फळ्यावर लागलं होतं. म्हातारा पहिल्या बर्फाच्या दिवशी बोटीत बसला. एक पिशवी आणि कोयता. कोयता बोटीवर नेऊ देत नाहीत, म्हणून तो धक्क्यावरच ठेवून गेला.

"त्याला काही दिलं?"

"हिटर दिला. विजेचा. तुम्ही मागितला होतात ना, उष्णतेची सोय. भाचीच्या पत्त्यावर पाठवला."

मी विचारलं, आता कापणार कोण? तो म्हणाला, मशीन आणायचं चाललंय. भोवत्यांच्या घरट्यांचं काय, असं मी विचारलं नाही. तो स्वतःच घरट्यांच्या बाजूला बघत होता. मग त्यानं खिशातून माहितीपत्रक काढलं आणि पाठीमागे भाचीचा पत्ता लिहून मला दिला. परतीच्या बोटीत मी ते उलटून बघितलं. नवी आवृत्ती होती, कागद आणखी गुळगुळीत. ती ओळ तशीच होती: या माळावर कोणी राहत नाही. आता ती खरी होती. ती मी खरी केली होती.

भाची मुख्य भूमीवरच्या एका मासेमारीच्या गावात राहायची. तीन मजली लाकडी घर, वरचा मजला. दार तिनंच उघडलं. चाळिशीची बाई, अंगात मासे साफ करायच्या कारखान्याचा पांढरा कोट, पाळीवर निघालेली. मी कोण ते सांगितलं. तिनं मला आत घेतलं, पण बस म्हणाली नाही.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घेवड्याच्या शेंगा सोलत बसला होता. घरात, गरम खोलीत, पायात बूट आणि डोक्यावर लोकरीची टोपी. खिडकीबाहेर हात लांब केला तर लागेल एवढ्यावर शेजारची भिंत होती. त्यानं मला ओळखलं.

"ती शिजवणारी बाई नाही आली?"

"नाही."

"तिचं ते आंबट, तिखट... ते काय होतं?"

"लोणचं."

"हां." तो शेंगा सोलत राहिला.

मी माफी मागायला गेले होते. दोन तासांच्या बसमध्ये मी ती माफी इंग्रजीत जुळवली होती. ती मी म्हटली. स्वच्छ म्हटली, एकही शब्द चुकला नाही.

"हिनं मला वाचून दाखवलं," तो भाचीकडे मान हलवून म्हणाला. "तीनदा. चांगलं लिहिलंयस. शिट्टीचं तर अगदी होतं तस्संच." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी त्या रागाला धरून उभी राहिले असते. "तू त्या दिवशी फार रागावून बसली होतीस. तुला हसू यावं म्हणून सांगितलं होतं ते."

तो एक शेंग उलगडून तिच्यातले दाणे बघत बसला. मग म्हणाला, "आता बाहेर दिवस केवढा झालाय ते इथे कळत नाही. हिला विचारावं लागतं."

आणि तेव्हा मी जे बोलले, ते मला आजही ऐकू येतं. मी म्हणाले, "मी पुन्हा लिहीन. या वेळी वर्तमानपत्रात. त्यांना तुम्हाला परत घ्यावंच लागेल. मी सगळं लिहीन, कोयता धक्क्यावर ठेवायला लागला तेही, हिटरचंही..."

भाचीनं टेबलावर हात ठेवला. माझ्या आणि त्याच्या मध्ये. कारखान्याच्या पाण्यानं सुजलेला, पांढरा पडलेला हात.

"नाही," ती म्हणाली.

"पण हा अन्याय..."

"तुला काहीतरी केल्याशिवाय बसताच येत नाही ना?" ती अगदी हळू बोलली, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये अशी. "त्याला आता या खोलीत तरी राहू दे."

तिनं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. तिला पाळीवर जायला उशीर होत होता. मी टेबलाकडे बघितलं. तो वर बघेल असं मला वाटलं, पण तो शेंगा सोलत होता. सोललेले दाणे एका भांड्यात, टरफलं दुसऱ्यात.

खाली बसस्टॉपवर खाऱ्या माशांचा वास येत होता आणि बसला वेळ होता. भाची माझ्या पुढून रस्ता ओलांडून कारखान्याकडे गेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी बाकावर बसले आणि ठरवलं की काही लिहायचं नाही. बस यायच्या आधी पहिलं वाक्य तयार झालं होतं. मी ते पुसायचा प्रयत्न करत होते, तोवर दुसरं आलं.